मकबरा आणि कबरस्तान

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबीका मकबरा पाहिला असेल, त्यांस मकबरा म्हणजे काय असें विचारलें, तर घुमटाची व मनोऱ्यांची इमारत, असेंच उत्तर येईल. मराठींत हा अर्थ रूढच आहे. मुळांत मात्र तो शब्द इमारतीचा वाचक नव्हे. अरबी भाषेंत क-ब-र या तीन व्यंजनांच्या धातूपासून ‘कब्र’ होतो, आणि त्याच धातूच्या आरंभीं मकार लावून स्थलवाचक नाम साधलें कीं ‘मकबरा’ होतो. लिहिणें या अर्थाच्या धातूपासून ‘मक्तब’, म्हणजे पाठशाळा, हा शब्द याच रीतीनें सिद्ध झाला. तेव्हां मकबरा म्हणजे कबरींची जागा. अरबींत आजहि कबरस्तानास मकबराच म्हणतात.

‘कबरस्तान’ हा शब्द घडविला फारशीनें. त्यांतील कबर अरबी खरी, पण ‘स्तान’ हा फारशी प्रत्यय संस्कृत ‘स्थान’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. परका म्हणून ज्या शब्दाकडे पाहावें, त्याचें अर्धें अंग असें घरचें निघतें! ‘श्मशान’ शब्दाची फोड यास्कानें निरुक्तांत ‘श्म’ म्हणजे शरीर, त्याचें शयन, अशी केली आहे. ती सर्वमान्य नाहीं. पण इंग्रजी ‘सेमेटरी’ ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचाहि अर्थ निजण्याची जागा असाच आहे.

शहरापासून सुमारें 25 किलोमीटरांवर खुलताबाद आहे. त्याचें जुनें नांव रौझा. रौझा म्हणजे अरबींत बाग. साधुपुरुषांच्या थडग्यांस तें नांव आदरानें लागलें. बुऱ्हानुद्दीन गरीब व त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी हे येथेंच विसावले. पुढें 1626 सालीं वारलेला मलिक अंबर व 1748 सालीं वारलेला पहिला निजाम यांसहि येथेंच जागा मिळाली. औरंगजेब 1707 सालीं अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, मरण पावला. त्याचें दफन झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत झालें. मरणोत्तर त्यास ‘खुल्दमकान’, म्हणजे शाश्वत स्वर्गांत राहणारा, म्हणूं लागले, व त्यावरून रौझाचें खुलताबाद झालें.

बेगम दिलरसबानू 1657 सालीं वारली. तिच्यावर घुमट चढला. पतीच्या कबरीवर छतहि नाहीं, आणि भोंवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ पुढील काळची आहे. रूढ अर्थानें बादशहास मकबरा नाहींच. मूळ अर्थ धरला, तर मात्र तो शब्द बीबीच्या एकट्या वास्तूपेक्षां खुलताबादच्या टेकडीसच अधिक शोभतो.