अपवाद आणि अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



समाजवादाच्या अभ्यासवर्गात एका स्वीडिश चित्रकर्तीचे नाव कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. अमालिया लिंडेग्रेन ही काही क्रांतिकारक नव्हे. परंतु मेहेरबानी आणि अधिकार यांतील अंतर समजून घ्यावयाचे असेल, तर तिच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

अमालियाचा जन्म १८१४ साली स्टॉकहोम येथे झाला. तेथील शाही कला अकादमीचे रीतसर शिक्षण पुरुषांसाठी राखीव होते. १८४९ साली मोजक्या स्त्रियांना ‘खास बाब’ म्हणून प्रवेश मिळाला. त्यांत ती होती. पुढच्याच वर्षी अकादमीची शिष्यवृत्ती मिळवून ती पॅरिसला गेली. असा मान मिळालेली ती पहिली स्वीडिश स्त्री. म्युनिक व रोम येथेही अभ्यास करून ती परतली आणि १८५६ मध्ये अकादमीची सदस्य झाली.

आता त्याच वर्षीचा कायदा पाहा. अविवाहित स्त्री, मग तिचे वय काहीही असो, स्वीडनमध्ये अज्ञान समजली जाई. त्यातून सुटायचे तर राजाकडे अर्ज करून सूट मागावी लागे. म्हणजे तेथेही पुन्हा ‘खास बाब’च! १८५८ साली न्यायालयाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली, तर १८६३ च्या कायद्याने पंचविसाव्या वर्षी सज्ञानता आपोआप लाभू लागली. विवाहितेला मात्र त्यासाठी १९२० पर्यंत वाट पाहावी लागली.

तिच्या कलेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दालार्ना प्रांतातील शेतकरी कुटुंबे तिने आस्थेने रंगविली. १८५८ च्या एका चित्रात चिमुकल्या मुलीच्या मृतदेहापाशी शोक करणारे घर आहे. १८६० च्या दुसऱ्या चित्रात झोपडीतील रविवारची संध्याकाळ आहे. त्याच प्रांतातील बायका पोटासाठी स्टॉकहोमला जाऊन होड्या वल्हवीत, बांधकामावर चुना वाहत. तिच्या त्या चित्रात रविवारची विश्रांती आहे, सोमवारची मजुरी नाही. ही मर्यादा मान्य करूनही तिचे महत्त्व उरतेच.

ते कोठे दिसते? १८६४ साली अकादमीत स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. एवा बोनिएर, हाना पाउली अशा पुढच्या पिढीच्या चित्रकर्ती तेथे शिकल्या. त्यांना कोणाच्या मर्जीची याचना करावी लागली नाही. अपवादाने एकटी अमालिया पुढे गेली. नियम बदलला तेव्हा वाट तयार झाली. अपवाद करणारा मोठेपणा मिरवतो आणि व्यवस्था शाबूत राहते.

आपल्या समित्यांत एखाद्या भगिनीला ‘घेतले’ जाते, तेव्हा आपणही असाच मोठेपणा मिरवीत नाही ना? ती तेथे आपल्या कृपेने बसली आहे की नियमाने, हा प्रश्न प्रत्येकाने घरी जाताना स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.