तुमचे वडील काय करतात?

(काष्टी येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काष्टीच्या बैलबाजारात जनावराचे दात पाहतात, त्याला चालवून पाहतात आणि मगच मोल ठरवितात. माझे वडील याच बाजारात जनावरे गाडीत चढविण्या-उतरविण्याची हमाली करीत. त्या मजुरीवर मी पुण्यास अभियांत्रिकी शिकलो आणि एका मोठ्या संगणक कंपनीत मुलाखतीस गेलो.

पहिल्या दोन फेऱ्या प्रोग्रामिंगच्या होत्या. संख्यांच्या यादीत पुन्हा आलेली संख्या शोधावयाची होती. उत्तर मला आले, परंतु ते मी मुकाट्याने कागदावर लिहिले. परीक्षकांस नुसते उत्तर नको असते, विचाराची वाट ऐकावयाची असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. तिसऱ्या फेरीत एका सौम्य गृहस्थाने विचारले, "तुमचे वडील काय करतात?" मी म्हणालो, "शेती." आमची एक गुंठाही जमीन नव्हती.

माझी निवड झाली नाही. ती जातीमुळेच झाली नाही, असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा मजजवळ नाही. परंतु ज्या श्रमाने मला शिकविले तो श्रम मी लपविला, ही लाज माझी स्वतःची होय.

माझ्या एकट्याचा अनुभव हा काही सिद्धांत नव्हे. म्हणून एका अभ्यासाकडे लक्ष वेधतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठविले. 2007 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावास पुढे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावास सुमारे एक-तृतीयांश. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच आडनाव बोलून गेलेले असते.

संविधानाच्या 16 व्या अनुच्छेदाचे संरक्षण शासकीय सेवेपुरते आहे. खाजगी कंपनीच्या दारात ते थांबते. केंद्र शासनाने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. खाजगी क्षेत्रात तोंडी परीक्षेचे राज्य अद्याप चालू आहे. हा प्रश्न समुद्रापारही गेला आहे. सिएटल नगराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदास कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियात तशाच आशयाचे विधेयक विधिमंडळाने संमत केले, परंतु त्याच वर्षी तेथील गव्हर्नरांनी ते नाकारले.

आता माझ्या दुसऱ्या दोषाविषयी सांगतो. पुढे दुसऱ्या कंपनीत मला काम मिळाले आणि काही वर्षांनी मी स्वतः परीक्षकाच्या खुर्चीवर बसलो. खेड्यातून आलेल्या एका मुलीस मी सहज, केवळ तिची भीती मोडावी म्हणून, विचारले, "तुमचे वडील काय करतात?" ती क्षणभर थांबली. ते थांबणे मी ओळखले. वर्षानुवर्षे जो प्रश्न मला सलत होता, तोच मी आपल्या हाताने पुढे चालविला होता. त्या दिवसापासून मी तो प्रश्न टाकला. प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न, तोच वेळ, आणि प्रत्येक उत्तराचे गुण तेथल्या तेथे लिहावयाचे, असा नियम केला. माझ्या सौजन्याने जे साधले नव्हते, ते या नियमाने साधले.

तरुणांनो, रोज एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवा. एकाने परीक्षक व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. चुकलात तर चूक कोठे झाली ते सांगावयास शिका. आणि कोणी वडिलांविषयी विचारलेच, तर खरे सांगा. त्यानंतरही नकार आला तर येवो. खोटे बोलून मिळालेल्या खुर्चीवर माणूस आयुष्यभर अंग चोरून बसतो. आणि उद्या तुम्ही निवड करणाऱ्यांच्या बाजूस बसाल, तेव्हा समोरच्याचे काम पाहा, त्याचे कूळ विचारू नका.

माझे वडील बाजारात हमाली करीत. हे वाक्य त्या दिवशी मला बोलता आले नाही, म्हणून आज ते तुमच्यापुढे बोललो.