एकसारखा बाण



तिरंदाजाचे कौतुक सारेच करतात; बाण करणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. आज अशाच एका कारागिराविषयी चार शब्द सांगते.

डग ईस्टन यांचा जन्म १९०६ सालचा. कॅलिफोर्नियात राहत असता, ऐन पोरवयात, शिकारीच्या वेळी बंदूक चुकून उडाली व त्यांचे दोन्ही पाय जखमी झाले. अंथरुणावर पडल्यापडल्या धनुर्विद्येचे पुस्तक हाती आले, आणि १९२२ साली ते स्वतःच धनुष्ये व लाकडी बाण करू लागले.

बाण सुरेख होत. पण लाकूड ते लाकूडच! एकाच्या शिरा सरळ, दुसऱ्याच्या तिरप्या. दमट हवेने बाक येई. वजनात थोडा फरक पडला, की हात तोच, धनुष्य तेच, तरी बाण भलतीकडे. दोष मात्र तिरंदाजाच्या माथी! ईस्टन यांना हे खटकले. १९३९ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीचे बाण केले. १९४१ साली लॅरी ह्यूज हे त्याच बाणांनी अमेरिकेचे विजेते ठरले. महायुद्धात तो धातू मिळेनासा झाला. पण युद्ध संपताच ईस्टन पुन्हा कामाला लागले. १९७२ साली ते निवर्तले. पुढे मुलगा जिम याने धंदा वाढविला.

भगिनींनो, एक पापड सुबक लाटणे अवघड नाही. शंभरावा पहिल्यासारखा उतरला, की घरच्या कामाचा धंदा होतो.