डोळस कोण?



आपण आताच माजिद मजिदी यांचा ‘रंग-ए-खुदा’ हा १९९९ सालचा इराणी चित्रपट पाहिला. त्याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

आठ वर्षांचा महंमद तेहरानच्या अंधशाळेत शिकतो. सुट्टी लागते, इतर मुलांचे पालक येऊन जातात. याचे वडील येत नाहीत. वाट पाहताना पाचोळ्यात पडलेल्या पिलाची चिवचिव त्याच्या कानी येते. तो मांजराला हुसकावतो, चाचपडत पिलू शोधतो आणि झाडावर चढून ते घरट्यात ठेवतो. उशिरा आलेले वडील मात्र ‘याला इथेच ठेवून घ्या’ अशी शिक्षकांची विनवणी करतात. पिलाला घरटे मिळाले, महंमदाला मिळणार का, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

अंध बालकाचे अंतर्विश्व म्हणजे निव्वळ काळोख, अशी आपली समजूत असते. मजिदींनी ती मोडली आहे. सुतारपक्ष्याची टकटक, वारा, पाणी यांतून महंमदाचे जग आपल्याला ऐकू येते. ब्रेल लिपीच्या सहा टिंबांना सरावलेली त्याची बोटे ओढ्यातील गोटे आणि शेतातील ओंब्याही अक्षरांसारख्या वाचतात. ही भूमिका करणारा मोहसेन रमेजानी स्वतः अंध आहे. म्हणूनच त्या स्पर्शात अभिनयाचा आव नाही.

महंमदाचे वडील, हाशेम, दुष्ट नाहीत. ते विधुर आहेत, गरीब आहेत. पुन्हा संसार मांडताना हा मुलगा आड येईल, अशी त्यांना धास्ती आहे. मुलाला ते दूरच्या एका अंध सुताराकडे ठेवतात. कसब शिकेल, पोटाला लागेल, हा त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. त्यामागची लाज आजीला उमगते, आणि ती घर सोडून निघते.

ही गोष्ट केवळ इराणची नाही. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. घरातील स्थान मात्र कायदा देऊ शकत नाही. पाहुणे आले की आपण अशा मुलाला आतल्या खोलीत बसवतो का? काकाच्या लग्नपत्रिकेवर इतर भावंडांबरोबर त्याचे नाव छापतो का? आज घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे, ही विनंती.