कान आधी, इअरफोन नंतर

लखनौहून बोलतोय. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "कर्नलसाहेब, ब्लूटूथच्या जमान्यात तुम्ही अजून वायरचेच इअरफोन का वापरता? आणि चांगला कोणता, हे ओळखायचं कसं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देतो. चार्जिंग करावं लागत नाही, एक कानातला हरवत नाही, आणि तेवढ्याच पैशात आवाज बहुधा जास्त चांगला मिळतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ लागेल, कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे. तिथूनच सुरुवात करू.

निवृत्तीनंतर आम्ही लखनौतच राहिलो. शेवटची पोस्टिंग इथल्या छावणीत होती आणि घर गोमतीनगरात घेतलं होतं. माझी पत्नी गाणं शिकलेली आहे, मी नुसता ऐकणारा. त्यात हे शहर असं, की इथे गाणं टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली इथल्या रसिकांना बरोबर घेऊन संगीताचं कॉलेज उभं केलं. तेव्हा त्याचं नाव मॅरिस कॉलेज होतं, आज त्याचं भातखंडे विद्यापीठ झालं आहे. कैसरबागेतून जाताना मराठी माणसाची मान जराशी ताठ होते, ती त्यामुळे. बेगम अख्तर यांची कबरही याच शहरात, पसंदबागेत आहे.

तर झालं असं. मुलगी पुण्यात असते. तिने वाढदिवसाला थोडे पैसे पाठवले आणि म्हणाली, "बाबा, आता टीव्हीवर गाणी मोठ्याने लावून आईला छळू नका. चांगले इअरफोन घ्या." मी नाझा मार्केटमध्ये गेलो. कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या सामानासाठी लखनौकर तिथेच जातात. एका दुकानातून कानाच्या आत बसणारे इअरफोन आणले. रात्री बेगम अख्तर यांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज मध्यभागी येत होता, पण त्या आवाजाची झळाळी, 'स' आणि 'श' यांची धार, सगळी उजवीकडे ओढल्यासारखी. डावी बाजू मंद.

दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "माल खराब आहे." त्यांनी दुसरा नग दिला. तोही तसाच. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा माझा आवाज परेड ग्राउंडवरचा होता. काउंटरवर विशीतला मुलगा होता. तो अगदी लखनवी अदबीने म्हणाला, "सर, एक गुज़ारिश है. ज़रा उल्टा लगाकर सुन लीजिए."

मी डावा उजव्या कानात घातला, उजवा डाव्या कानात. तेच गाणं लावलं. दोष इअरफोनमध्ये असता तर मंद बाजू आता उजवीकडे जायला हवी होती. ती डावीकडेच राहिली. इअरफोन बदलला, बाजू बदलली नाही. म्हणजे दोष कुठे होता? माझ्या कानात.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर जवानांना ऐकवली. त्या दिवशी ती मला लागू पडली. मी त्या मुलाची माफी मागितली. त्याने चहा मागवला.

मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानात मळ आहे का ते पाहिलं, कारण पुष्कळदा एवढंच कारण असतं. माझ्या कानात मळ नव्हता. मग बंद खोलीत बसवून ऑडिओमेट्री केली. कागदावरची रेघ बरीचशी सपाट जात होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरत होती. उजव्या कानात लहान खड्डा, डाव्यात खोल. डॉक्टरांनी मला एकच विचारलं: "तुम्ही उजव्या खांद्यावरून रायफल चालवायचा ना?" उजव्या खांद्याला रायफल लावली की डोकं थोडं उजवीकडे वळतं. डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजव्या कानाला डोक्याची सावली मिळते. ज्याने वर्षानुवर्षे रेंजवर घालवली, त्याचा डावा कान बहुधा जास्त बिघडलेला असतो.

यात मी कोणाला दोष देत नाही. तरुणपणी कानात प्लग घालणं मला नाजूकपणाचं वाटायचं. फार झालं तर कापसाचा बोळा, आणि कापसाने बंदुकीचा आवाज अडत नाही. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. म्हणून आजच्या भागाचं नाव 'कान आधी, इअरफोन नंतर'.

आता मुद्द्याकडे येऊ. पहिला भाग इअरफोन कानात बसवण्याचा, दुसरा आवाज तपासण्याचा.

कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, आणि ती सरळ नसते, तिला वळण असतं. त्यामुळे इअरफोन नुसता ढकलला तर तो अर्ध्यावर अडतो. रेंजवर फोमचा प्लग घालण्याची जी ड्रिल आहे, तीच इथे चालते. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाची पाळी वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन हलकेच फिरवत आत बसवा आणि पाळी सोडा. डाव्या कानाला याच्या उलट.

डब्यात बहुधा रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या असतात: लहान, मध्यम, मोठी. लोक मधली लावून मोकळे होतात. तसं करू नका. तिन्ही लावून पाहा, आणि दोन्ही कानांना एकच माप बसेल असं धरून चालू नका. मला उजवीकडे मध्यम लागते, डावीकडे मोठी.

बरोबर बसला की नाही, हे कसं कळतं? चार खुणा सांगतो.

एक. तंबोरा लावा. पुरुषी गळ्याचा षड्ज काळी एक धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. इअरफोन आणि नळी यांच्यात केसभर फट राहिली की सगळ्यात आधी हा खालचा आवाज पळून जातो. खर्ज ऐकू येतो, पण पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आता बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरला, तर फट होती. एक माप मोठी टोपी घ्या. दाबून फरक पडला नाही, तर बसवणी बरोबर.

दोन. स्वतः बोलून पाहा. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागला आणि चालताना पावलं धप धप ऐकू आली, तर कान नीट बंद झाला आहे.

तीन. चणे खा, जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. तरीही खर्ज टिकला पाहिजे.

चार. अर्धा तास घालून बसा. दुकानातल्या दोन मिनिटांत सगळंच आरामाचं वाटतं. दुखायला लागलं तर टोपी मोठी आहे किंवा इअरफोनची बांधणी तुमच्या कानाची नाही. असा इअरफोन कितीही नावाजलेला असला तरी तुमच्यासाठी वाईटच. ज्यांना रबर बसत नाही त्यांनी फोमच्या टोप्या वापराव्यात. बोटांनी चुरगाळून आत घाला आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवा. त्या कान छान बंद करतात. वरचे सूर किंचित मऊ होतात आणि काही महिन्यांनी टोप्या बदलाव्या लागतात, एवढंच.

वायर शर्टाला घासली की खरखर थेट कानात येते. त्यावर उपाय सोपा आहे. वायर कानाच्या वरून, मागून खाली घ्या. बऱ्याच इअरफोनांची बांधणी त्यासाठीच असते. आणि जाळीत मळ अडकला की त्या बाजूचा आवाज बसतो. लखनौच्या जूनमधल्या घामात तर लवकरच. दुकानदाराशी भांडण्याआधी जाळी पाहा. अनुभवाचे बोल आहेत.

आता आवाज. इथे भातखंडेबुवांची आठवण ठेवा. त्यांनी बंदिशी जमवल्या त्या कानाने ऐकून आणि स्वरलिपीत उतरवून. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन ऐकायची, ही त्यांची शिस्त. आपणही तेच करायचं. वीस गाणी चाळू नका. वर्षानुवर्षे ओळखीची तीन ध्वनिमुद्रणं निवडा आणि प्रत्येक इअरफोनवर तीच ऐका.

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. एका फोनवर व्हॉल्यूमची तीच खूण ठेवली तरी एक इअरफोन मोठा वाजतो, दुसरा हळू. म्हणून खुणेवर जाऊ नका, कानाने जुळवा.

पहिलं ध्वनिमुद्रण जुनं मोनो घ्या, एकाच गळ्याचं. मोनोत दोन्ही बाजूंना तेच येतं, म्हणून गळा बरोबर कपाळाच्या मध्ये ऐकू आला पाहिजे. एका बाजूला सरकला तर क्रमाने तपासा: टोपी, जाळी, मग डावं-उजवं बदलून इअरफोन, आणि शेवटी कान. बेगम अख्तर यांच्या आवाजात वर जाताना जी प्रसिद्ध चीर पडते, तिच्याकडे लक्ष द्या. झगझगीत इअरफोनवर ती ओरखड्यासारखी बोचते. मंद इअरफोनवर ती नाहीशी होते आणि गाणं साधं होऊन जातं. चांगल्या इअरफोनवर ती चीरही ऐकू येते आणि बोचतही नाही.

दुसरं तंबोरा आणि तबला. खर्जाचं सांगून झालं. आता जवारी ऐका. ती वरच्या स्वरांशांची असते, मधमाशांच्या गुंजारवासारखी. ती खर्जाला चिकटून आली पाहिजे, वेगळी तरंगता कामा नये. तबल्याची चाट कोरडी आणि नेमकी हवी. डग्ग्याची मींड घसरत जाताना कळली पाहिजे, नुसता 'घूं' नको. हल्ली बरेच इअरफोन हा 'घूं' वाढवूनच विकले जातात. पाच मिनिटं मजा येते, अर्ध्या तासाने डोकं जड होतं.

तिसरं साधं बोलणं, आकाशवाणीच्या मराठी बातम्या. फील्ड टेलिफोनवर आम्ही हुकूम ऐकायचो. साध्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जातं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्याहून खाली असतो, तरी आपण माणूस ओळखतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो. म्हणजे भाषा कळते ती मधल्या पट्ट्यात. 'प' आणि 'फ', 'स' आणि 'श' वेगळे कळतात का, ते पाहा. उघड्या कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर स्वतःच उचलून धरते. इअरफोनने नळी बंद केली की ही मदत बदलते, म्हणून चांगल्या इअरफोनला तिथे मुद्दाम उभारी दिलेली असते. ती कमी पडली तर निवेदक उशीत तोंड घालून बोलतो. जास्त झाली तर कानाशी येऊन ओरडतो.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: व्हॉल्यूम. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब पाठ करण्यासारखा आहे. ८० डेसिबलने ऐकलं तर आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलने ऐकलं तर तोच कोटा फक्त ४ तासांत संपतो. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलला ४० तास. पुष्पक एक्स्प्रेसने लखनौहून मुंबईला निघालात की डब्याचा खडखडाट दाबण्यासाठी हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. इथे नीट बसलेला इअरफोन कामाला येतो. बाहेरचा आवाज तोच अडवतो, म्हणून गाणं हळू ठेवता येतं. माझा नियम असा: घरी, शांत खोलीत व्हॉल्यूम ठरवायचा आणि बाहेर त्याच्या वर जायचं नाही. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे.

उन्हाळ्यात नातू आला होता. चौदा वर्षांचा. कानात इअरफोन, गेम चालू, आणि आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला मला, या कानांना, ऐकू येत होता. मी ओरडलो नाही. माझा ऑडिओमेट्रीचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. "आजोबा, हा खड्डा कसला?" मी म्हटलं, "इथे तुझ्या आजीच्या तंबोऱ्याची जवारी असायची." तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या टोप्यांचं माप शोधलं. त्याला लहान लागते, तो मधली वापरत होता. फट होती, म्हणून खालचा आवाज पोहोचत नव्हता, म्हणून तो व्हॉल्यूम वाढवत होता. माप बदलल्यावर त्याने स्वतःच चार घरं खाली आणला.

मी शेवटी कोणता इअरफोन घेतला? तोच, पहिला. त्यात दोष नव्हताच. फोनमध्ये डाव्या-उजव्याचा तोल थोडा डावीकडे सरकवता येतो, पण डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बिघडलेल्या कानात जास्त आवाज ओतू नका." म्हणून तोल मधेच ठेवलाय. रात्री हळू आवाजात ऐकतो. झळाळी उजवीकडेच येते. डावीकडून खर्ज मात्र पूर्ण येतो, आणि जे उरलंय ते सांभाळायचं ठरवलंय.

तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल, तर इअरफोन घेण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी तासाभराच्या आत होते आणि दुखत नाही. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.