ओएलईडीतली होलची वाट

ओएलईडी पडद्यात प्रकाश उजळतो तो दोघांच्या भेटीतून. एकीकडून येतो इलेक्ट्रॉन, दुसरीकडून ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा.

१९८७ साली कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी होल वाहून नेणारा स्वतंत्र थर दिला आणि १० व्होल्टच्या आतच दिवा झळकला! तो थर लहान रेणूंचा, निर्वातात वाफेने बसवलेला.

हाच थर पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा, केला तर काम सुटसुटीत. पॉलिव्हिनाइलकार्बाझोलसारखं पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, काचेवर टाकून काच गरगर फिरवायची, की नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर तयार. अडचण पुढेच येते. वरच्या थराचा द्रावक खालचा थर विरघळवू शकतो. म्हणून रसायनतज्ज्ञ खास पॉलिमर घडवतात; उष्णता देताच त्यांच्या साखळ्या एकमेकींशी बंधांनी जोडल्या जातात आणि थर टिकतो.

छपाईने पडदे बनवताना खरा कस लागतो तो इथेच.