घराची झडती आणि डाळीचा डबा

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आमच्या घरी कशाला येतील पोलीस, आम्ही काय चोर आहोत? पण झडती चोराच्याच घरची होते असं थोडंच आहे? दिराचं नाव एखाद्या मारामारीत येतं. मुलाच्या मित्राने अंगणात लावलेली मोटारसायकल चोरीची निघते. पोलीस येतात तेव्हा पुरुष शेतावर नाहीतर कामावर, आणि दारात उभी असते ती बाई.

‘खासगीपणा’ हा शब्द जरा मोठाच वाटतो. दोन खोल्यांत सहा माणसं, तिथं कसला खासगीपणा, असं एका बैठकीत एका मावशींनी मला विचारलं. मी म्हटलं, मावशी, तुमच्या डाळीच्या डब्यात तळाला काय असतं? सगळ्या हसायला लागल्या. ते पैसे नवऱ्याला माहीत नसतात, सासूला तर नसतातच. ट्रंकेच्या तळाशी दवाखान्याचे कागद असतात, ते बहिणीलाही दाखवलेले नसतात. झडतीत डबा चटईवर उपडा होतो, ट्रंक दारात रिकामी होते. पोलिसांना हवं ते सापडो न सापडो, बाईचं गुपित घरभर झालेलं असतं. पोलीस निघून जातात, त्यानंतर तिला घरात काय ऐकून घ्यावं लागतं हे कुठल्याच पंचनाम्यात लिहिलेलं नसतं.

न्यायालयांना हे कळायला वेळ लागला. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या गुन्ह्यातून पुराव्याअभावी सोडून दिलं होतं, तरी पोलीस रात्रीबेरात्री त्याच्या घरी जाऊन दार ठोठवायचे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हणायला बहुमत तयार झालं नाही. ते म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच खासगीपणा येतो. आपल्याकडच्या पारधी वस्त्यांवरच्या बायकांना खरकसिंगची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली कायद्याने विमुक्त झाल्या, पण तालुक्यात कुठे चोरी झाली की पहिली गाडी अजून त्यांच्याच पालांकडे वळते.

आपल्याच राज्यातला एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला. तिने विरोध केला, आरडाओरडा झाला. त्याचं म्हणणं, मी दारूबंदीच्या छाप्यासाठी गेलो होतो. खात्याने त्याला बडतर्फ केलं. उच्च न्यायालयाने मात्र ती बाई चांगल्या चालीची नाही, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, असं म्हणून बडतर्फी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तो निकाल फिरवला. बाईची चाल कशीही असो, तिच्या घरात वाटेल तेव्हा शिरण्याचा हक्क कुणालाही नाही, असं त्या निकालाचं सार आहे. वकील याला मार्डीकर खटला म्हणतात. गावात एखादीविषयी ‘ती तसलीच आहे’ असं बोललं गेलं, तर हा खटला आठवायचा.

आता दारात पोलीस आले तर काय, ते सांगते. दार अडवून धरू नका. झडतीचा अधिकार असेल तर घर उघडून द्यावंच लागतं, नाही दिलं तर ते जबरदस्तीने शिरू शकतात. पण विचारता येतं, आणि शांतपणे विचारायचं: साहेब, वॉरंट आहे का? काय शोधताय? तपासात उशीर चालणार नसेल तर वॉरंटशिवायही झडती घेता येते. मात्र काय शोधायचं आहे आणि का, ते अधिकाऱ्याला आधी लिहून ठेवावं लागतं. ते कागद ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवेत, आणि आपण अर्ज केला तर त्याची नक्कल आपल्याला फुकट मिळते. पोलीस माणूस पकडायला आले असतील तर माणूस शोधतील. माणूस काही डाळीच्या डब्यात बसत नाही, हे विनयाने म्हणायला हरकत नाही.

झडतीच्या वेळी परिसरातले दोन तरी प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात. घरच्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं, म्हणजे तुम्हाला बाहेर बसवून आत झडती घेता येत नाही. बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. आणि शेवटी, जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी होते, तिची नक्कल घरच्या माणसाला द्यावी लागते. ही नक्कल मागितल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा तर मुळीच नको.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते? आमच्या एका गटाच्या अध्यक्षताईंच्या घरी झडती झाली, ती त्यांच्या पुतण्यावरच्या संशयातून. कपाटात गटाची पेटी होती. त्यात त्या महिन्याची बचत, कर्जाच्या हप्त्यांची रोकड आणि दोन रजिस्टरं. ‘चोरीचे पैसे असतील’ म्हणून पेटी उचलून नेली. यादी ताईंना दिलीच नाही. पुढच्या बैठकीत बाराजणींसमोर ताई उभ्या, आणि एकजण हळूच म्हणाली, पेटी खरंच पोलिसांनीच नेली ना? अकरा वर्षांचा गट त्या एका वाक्याने हलला. पुढे वकिलामार्फत न्यायालयात अर्ज केला, गटाचा ठराव आणि बँकेचं पासबुक जोडलं, तेव्हा पेटी सुपूर्तनाम्यावर परत मिळाली. त्याला साडेचार महिने लागले. यादीत रक्कम लिहिली असती तर ताईंना तो प्रश्न ऐकावा लागला नसता. आता आमचे गट रोकड घरी ठेवतच नाहीत, त्याच दिवशी बँकेत भरतात.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं. ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. मला हे चांगलं वाटतं, कारण नंतर शब्दाविरुद्ध शब्द राहत नाही. पण त्या व्हिडिओत आपलं अंथरूण येणार, वाळत घातलेले कपडे येणार. तो न्यायालयासाठी आहे, कुणाच्या स्टेटससाठी नाही. आणि पोलिसांपेक्षा मला भीती वाटते खिडकीतून शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्यांची. संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरतं, आणि पोरीचं जमत आलेलं लग्न मोडतं. निदान आपल्या गटाच्या ग्रुपवर तरी असा व्हिडिओ कुणी टाकला तर अध्यक्षांनी तो लगेच काढायला लावावा.

आता थोडं कडू बोलते. दारूच्या अड्ड्यावर धाड घाला म्हणून आपणच मोर्चे नेतो, आणि नेलेच पाहिजेत. पण हातभट्टी चालवणाऱ्याच्याही घरात बायको असते, सून असते. मागे धाडीच्या वेळी आपल्यातल्या काहीजणी पोलिसांमागून आत शिरल्या आणि तिची भांडी बाहेर फेकू लागल्या. झडती पोलिसांनी घ्यायची असते. आपल्याला बोलावलं तर पंच म्हणून उभं राहायचं, आणि त्या बाईच्या हातात यादी पडते की नाही ते पाहायचं. पंच व्हायला आपण घाबरतो, कोर्टाचे हेलपाटे नकोत म्हणून. पण पंचाला न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय तिथं जावं लागत नाही. आणि लेखी बोलावणं असताना कारण नसताना नकार देणं हाही गुन्हा ठरू शकतो.

वकील परवडत नाही असं म्हणू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मिळतं. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जाताना जप्तीची यादी सोबत न्या, आणि यादी मिळालीच नसेल तर कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण आलं होतं आणि काय नेलं, हे त्याच दिवशी कागदावर उतरवून तो कागद न्या.